घरचे वाय-फाय : सही आपली, मजकूर दुसऱ्याचा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल येऊन पडला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचली. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचे संगणक तपासले गेले, जाबजबाब झाले, नाव देशभर गाजले. ई-मेल मात्र त्यांनी लिहिलेला नव्हता. त्यांच्या असुरक्षित वाय-फायचा परक्या माणसाने उपयोग करून घेतला होता. पुढच्याच महिन्यात असा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून गेल्याचे आढळले. चेंबूर म्हणजे आम्हा देवनारकरांचा शेजारच! जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली.

असे का घडते, हे समजून घेणे अवघड नाही. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो आणि तो कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे राहते. घरातील सर्व मोबाइल, संगणक आणि टीव्ही या एकाच पत्त्याने बाहेर ओळखले जातात. त्यांत एखादे परके उपकरण शिरले, तर बाहेरून पाहणाऱ्याला तो फरक दिसत नाही. नोंदीत नाव आपलेच येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा सही केलेला कोरा धनादेश होय. जन्मभर पासबुक कुलपात ठेवणारी आपली पिढी या धनादेशाबाबत मात्र निश्चिंत असते.

आज पासवर्ड नसलेले वाय-फाय क्वचितच आढळते. परंतु जोडणी करणाऱ्या मुलाने ठेवलेला पासवर्ड, बहुधा आपलाच मोबाइल क्रमांक, वर्षानुवर्षे तसाच राहतो. आपल्या सोसायट्यांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. म्हणून पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली, राउटरला दोन पासवर्ड असतात, हे ध्यानात घ्यावे. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या मांडणीत बदल करण्याचा. दुसरा अनेकदा कारखान्यातून आलेला तसाच असतो. दोन्ही बदलावेत, आणि ते वेगवेगळे असावेत.

दुसरी, वाय-फायचा पासवर्ड लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले, तरी तो भक्कम होतो आणि आपल्या लक्षातही राहतो. नाव, जन्मतारीख, सदनिकेचा क्रमांक टाळावा. जाळ्याच्या नावातही आडनाव नको.

तिसरी, सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत सहज फोडता येते. बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी.

चौथी, पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरवर वेगळे अतिथी जाळे सुरू करता येते. घरातील कॅमेरा आणि टीव्हीही त्यावरच ठेवावेत, म्हणजे बँकेचे व्यवहार होणारा मोबाइल त्यांच्यापासून वेगळा राहतो.

पाचवी, राउटरची आज्ञावली अद्ययावत ठेवावी. कंपनीने जुन्या राउटरसाठी सुधारणा देणे थांबवले असेल, तर तो बदलणेच शहाणपणाचे. भाडेकरू किंवा घरी येऊन काम करणारा कर्मचारी बदलला की पासवर्डही बदलावा.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. शेजाऱ्याचे वाय-फाय त्याला न विचारता वापरणे अनेकांना क्षुल्लक वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक-जाळ्यात शिरणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी न दिलेली वस्तू घेणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

बहुतेक घरांत जोडणी आजोबांच्या नावावर असते आणि पासवर्ड नातवाला ठाऊक असतो. येत्या रविवारी दोघांनी एकत्र बसून राउटरला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, ती यादी पाहावी. ज्याची ओळख पटणार नाही, ते काढून टाकून लगेच पासवर्ड बदलावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे.