स्ट्रासबर्गची फिर्याद

ऱ्हाईन नदीच्या पश्चिम तीरी, फ्रान्सच्या अगदी पूर्व सीमेवर वसलेल्या स्ट्रासबर्ग नगरीत १८७० साली जन्मलेला एखादा मनुष्य पाऊणशे वर्षे आपला उंबरठा न सोडता राहिला असता, तरी तो जन्माने फ्रेंच, १८७१ पासून जर्मन, १९१८ नंतर पुन्हा फ्रेंच, १९४० मध्ये पुन्हा जर्मन आणि अखेरीस परत फ्रेंच ठरला असता. अंमल बदलला की शाळेतली आणि सरकारी दप्तरातली भाषा बदले. घरात मात्र आल्सेस प्रांताची जर्मन वळणाची बोलीच चाले. ५ मे १९४९ रोजी दहा राष्ट्रांनी लंडन येथे सह्या करून जी ‘कौन्सिल ऑफ युरोप’ स्थापली, तिचे ठाणे याच नगरीत घातले गेले, यात औचित्य होते.

वृत्तपत्रांचे नित्य वाचन करणारेही या संस्थेची युरोपीय संघाशी गल्लत करतात, आणि दोहोंचा बारा ताऱ्यांचा निळा ध्वज एकच असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु तो ध्वज मूळचा या कौन्सिलचा, १९५५ सालचा, संघाने तो पुढे तीस वर्षांनी उचलला. संघाजवळ बाजारपेठ आहे, चलन आहे. कौन्सिलजवळ, आज तिची ४६ सदस्य राष्ट्रे असली तरी, फौज नाही आणि जकातही नाही. तिची सारी मत्ता म्हणजे करारनामे.

त्यांतला सर्वांत थोर करारनामा मानवी हक्कांचा. १९५० साली रोम येथे त्यावर सह्या झाल्या, १९५३ साली तो अमलात आला आणि १९५९ साली त्याच्या रक्षणार्थ स्ट्रासबर्गला न्यायालय उभे राहिले. स्वदेशातील सर्व न्यायालयांचे दरवाजे ठोठावून झाल्यावर सामान्य इसमाने आपल्याच सरकारविरुद्ध या न्यायालयात थेट दाद मागावी, ही मुभा १९९८ पासून निरपवाद झाली.

या मुभेचे मोल काय, हे चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहराच्या खटल्यावरून ध्यानात यावे. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. आजही त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मनुश’ म्हणतात, म्हणजे मराठी कानाला ती सर्वस्वी परकी वाटू नये. या समाजातील अठरा मुलांना बौद्धिक दौर्बल्य असलेल्यांसाठी काढलेल्या विशेष शाळांत घातले गेले होते, आणि त्या शहरात रोमा मुलाची अशा शाळेत रवानगी होण्याची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट आहे, अशी त्यांची कैफियत होती. २००६ साली न्यायालयाच्या एका पीठाने ती फेटाळली. परंतु १३ नोव्हेंबर २००७ रोजी महापीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी निवाडा फिरवला. पालकांनी संमती दिली होती, या सरकारी बचावावर न्यायाधीशांनी असे सांगितले की परिणामांची नीट कल्पना नसताना दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि वांशिक भेदभावापासून मुक्त राहण्याचा हक्क कोणाला सोडूनही देता येत नाही.

भाषांच्या बाबतीत कौन्सिलने १९९२ साली प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांची सनद सिद्ध केली. वेल्श, फ्रिजियन, सामी यांसारख्या भाषांना शाळा, न्यायकचेरी व प्रसारणात स्थान देण्याचे वचन राष्ट्रे तीत देतात. मग तज्ज्ञांची समिती त्या देशांत जाऊन ते पाळले जाते की नाही, याची तपासणी करते. गंमत अशी की यजमान फ्रान्सने १९९९ साली या सनदेवर सही केली खरी, परंतु त्याच वर्षी तेथील घटना परिषदेने ती राज्यघटनेशी विसंगत ठरवल्यामुळे तिला अंतिम मंजुरी मिळाली नाही. जिच्या अंगणात ही संस्था नांदते, ती आल्सेसची बोली सनदेच्या छायेबाहेरच राहिली.

२००८ साली कौन्सिलने आंतरसांस्कृतिक संवादाविषयी श्वेतपत्रिका काढली. अल्पसंख्यांनी बहुसंख्यांत विरघळून जावे, हा एक जुना मार्ग. प्रत्येक समाजाने आपापल्या वाड्यात स्वतंत्र राहावे, हा दुसरा. दोन्ही अपुरे ठरवून, समान प्रतिष्ठा असलेल्या व्यक्तींनी परस्परांशी बोलावे, असा पक्ष तिने मांडला. विचार उदात्त आहे. परंतु ज्याला दाद मागण्याची सोय नाही, त्याच्याशी होणारा संवाद हा बहुधा उपदेशच असतो, आणि म्हणून या संस्थेच्या साऱ्या परिपत्रकांहून तिचे न्यायालय मला अधिक मोलाचे वाटते.

तिच्या हाती दंड थोडा. लष्करशहांच्या अमलाखालील ग्रीसला १९६९ साली बाहेर पडावे लागले, आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियाला काढून टाकण्यात आले. याहून कठोर शिक्षा तिच्यापाशी नाही. एरवी ती केवळ विचारत राहते. ओस्त्राव्याच्या निवाड्याला दहा वर्षे उलटून गेल्यावरही सदस्य राष्ट्रांच्या मंत्र्यांची समिती चेक सरकारकडे त्या शाळांचा हिशेब मागतच होती.