सायलेन्सरचा आवाज : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

विश्रांतवाडीच्या चौकातून एक रस्ता कळस-दिघीवरून आळंदीस जातो, एक धानोरीकडे वळतो, एक टिंगरेनगराच्या अंगाने विमानतळाकडे निघतो आणि एक फुलेनगरावरून पुणे शहराकडे उतरतो. या सर्व रस्त्यांवर, विशेषतः रात्री रहदारी विरळ झाली म्हणजे, मूळचा सायलेन्सर काढून टाकलेल्या मोटारसायकलींचा जो गडगडाट ऐकू येतो, त्यामागे निव्वळ उद्दामपणाच असतो असे मानणे मला अन्यायाचे वाटते. या तरुणांपैकी पुष्कळांचे आपल्या गाडीवर खरेखुरे प्रेम असते, पगारातून शिल्लक टाकून ते तिची निगा राखतात, आणि तिच्या इंजिनाचा आवाज अधिक खुलावा एवढीच त्यांची इच्छा असते. ही इच्छा वावगी नाही. परंतु ती पुरी करण्याकरिता गॅरेजच्या बाकावर बसून जी माहिती कानोकानी मिळवली जाते, तिच्यातील बराच भाग यंत्रशास्त्राच्या आणि कायद्याच्याही कसोटीस उतरत नाही. म्हणून त्या माहितीची एकवार साद्यंत छाननी होणे अगत्याचे आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का समज असा की, सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या तोंडात कोंबलेला बोळा असून तो काढला की कोंडलेली शक्ती मोकळी होते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. चतुर्घाती इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा धुराची झडप उघडते आणि जळालेला वायू मोठ्या दाबाने इंजिनास जोडलेल्या बेंड पाइपात शिरतो. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटास एक हजार फेऱ्यांनी संथ चालत असेल तर असे स्फोट सेकंदास सुमारे आठ होतात, तीन हजार फेऱ्यांवर ते पंचवीस होतात. या ठोक्यांनी उठणाऱ्या दाबाच्या लहरी म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा आवाज. सायलेन्सरच्या पोटातील कप्पे आणि सच्छिद्र नळ्या या लहरींना एकमेकींवर परतवून त्यांचा जोर जिरवतात, काही रचनांत भोवती भरलेली काचलोकर उरलेली ऊर्जा शोषून घेते, आणि वायू मात्र पुढे निघून जातो. वायूचा प्रवाह आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा ध्यानात आले म्हणजे मोठा आवाज हा अधिक शक्तीचा पुरावा का होऊ शकत नाही हेही उमगते. जी ऊर्जा कानठळ्या बसवते ती इंजिनातून आधीच बाहेर पडलेली असते. चाकाला तिचा काडीमात्र उपयोग नसतो.

या समजाच्या उलट टोकाला दुसरा एक समज नांदतो. इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, तो गेला की ‘पिकअप’ पडतो, असे अनुभवी कारागीरही सांगतात. त्यांचे निरीक्षण बहुधा बरोबर असते, कारण मात्र चुकीचे असते. मागचा दाब हा कोणत्याही इंजिनास हितकारक नाही. झडप उघडताच निघालेली लहर पाइपाच्या टोकाशी किंवा जेथे पाइप एकाएकी रुंद होतो तेथे पोहोचून उलट्या स्वरूपात परत फिरते. तप्त वायूत तिचा वेग सेकंदास पाचशे मीटरांच्या आसपास असतो. आणि ती नेमक्या क्षणी झडपेशी परतली तर सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून काढून ताज्या मिश्रणास जागा करून देते. कोणत्या गतीला हा मेळ साधायचा हे पाइपाच्या लांबीवर आणि व्यासावर ठरते, आणि कारखान्यातील अभियंत्यांनी ते शहरी रहदारीच्या मध्यम गतीकरिता ठरवलेले असते. बाजारातील आखूड नळकांडे बसवले की मेळ बिघडतो. खालच्या फेऱ्यांवर गाडी मरगळते आणि आवाज वाढल्यामुळे चालवणाऱ्यास मात्र ती अधिक धावते असा भास होतो.

द्विघाती गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट आहे. १९८५ पासून भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० ही केवळ ९८ घनसेंटिमीटरची गाडी आजही पुण्यात जिवापाड जपली जाते. अशा द्विघाती इंजिनात धुराच्या वाटेवर झडप नसते, आणि धुराच्या वाटेने निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत सिलिंडरात लोटण्याचे काम मधोमध फुगीर व दोन्ही अंगांनी निमुळत्या अशा त्या पाइपातील परतीची लहरच करते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने १९५० नंतरच्या दशकात हे शास्त्र पद्धतशीरपणे उभे केले. त्या पाइपाचा आकार हा इंजिनाचाच एक अवयव आहे. तो कापणे म्हणजे इंजिन कापणे होय.

आता बुलेटविषयी. जुन्या बुलेटचा तो सावकाश, खोल ठोका नव्या गाडीत हवा म्हणून पंजाबी, इंदोरी अशा नावांनी विकले जाणारे सायलेन्सर घेतले जातात, आणि पदरी पडतो तो केवळ कर्कश कडकडाट. याचे कारण सायलेन्सरात नाहीच. जुन्या बुलेटचे ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर घाताचे होते. त्याचे सिलिंडर बिडाचे, चक्र (फ्लायव्हील) वजनदार आणि दाबगुणोत्तर बेताचे असल्यामुळे ते फार कमी फेऱ्यांवर न अडखळता चालत असे, व दोन ठोक्यांमध्ये ती सुपरिचित पोकळी उरत असे. ते बिडाचे इंजिन नव्या प्रदूषणमर्यादांपुढे २०१० च्या सुमारास मागे पडले. २०२० मध्ये आलेल्या ३४९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा व्यास ७२ आणि घात ८५.८ मिलिमीटर आहे, त्याचे इंधन संगणकाच्या हुकमाने मोजून सोडले जाते, आणि त्याचा कंप मुद्दाम कमी केलेला आहे. अशा इंजिनास कोणतेही नळकांडे जोडले तरी त्यातून १९७० सालचा ठोका निघणे असंभवनीय आहे. ज्यास तो ठोका प्राणप्रिय असेल त्याने जुनी गाडी मिळवून तिची नीट दुरुस्ती करावी. तो खर्च अधिक आहे, पण निदान प्रामाणिक आहे.

चालत्या गाडीची किल्ली बंद करून पुन्हा लावली की जे ‘फटाके’ वाजतात, त्यांनाही काहीजण इंजिनाच्या तब्येतीचे लक्षण समजतात. न जळलेले इंधन तापलेल्या पाइपात साचून तेथे पेटल्याचा तो आवाज असतो. त्याने सायलेन्सरच्या आतील पडदे फाटतात आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा अतिउष्ण होऊन निकामी होते.

कंपनीचा सायलेन्सर केवळ आवाज दाबण्याकरिता असतो, हा समज कार्बुरेटरच्या जमान्यात कदाचित खपून गेला असता. दुचाकींना १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषणमर्यादांनंतर तो पूर्णतः कालबाह्य ठरला आहे. या गाड्यांच्या बेंड पाइपात किंवा सायलेन्सरात उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ लेपावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. शेजारीच ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असून त्याच्या वर्दीवरून संगणक इंधनाचे प्रमाण ठरवतो. सायलेन्सरबरोबर परिवर्तकही गेला तर विषारी वायू जसेच्या तसे बाहेर पडतात. सेन्सर काढला वा त्याची जागा बदलली तर इशाऱ्याचा दिवा लागतो, मिश्रण बिघडते आणि पेट्रोलचा खप वाढू शकतो. ‘माझी गाडी पीयूसीत पास झाली’ हे त्यावर उत्तर नव्हे. पेट्रोल दुचाकीच्या पीयूसी तपासणीत इंजिन संथ चालत असताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजतात; नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजली जात नाहीत, आणि आवाज तर मुळीच मोजला जात नाही.

आवाजाच्या मोजणीविषयीही मोठा घोटाळा आहे. ऐंशी डेसिबलचे नव्वद झाले म्हणजे अष्टमांशाची वाढ झाली, असा हिशेब सहज मांडला जातो. परंतु डेसिबलचे माप गुणाकाराने चढते, सबब या दहा डेसिबलांत ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानास आवाज साधारण दुप्पट भासतो. कारखान्यातून निघणाऱ्या १७५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या दुचाकीस ८० डेसिबलची, ८० ते १७५ पर्यंतच्या गाडीस ७७ ची आणि त्याहून लहान गाडीस ७५ ची मर्यादा आहे, आणि ती वेग वाढवत जाणाऱ्या गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरांवर मोजतात. अंतर निम्मे झाले की मोकळ्या जागेतही सुमारे सहा डेसिबलांची भर पडते. विश्रांतवाडीच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांत खिडकी आणि रस्ता यांत साडेसात मीटर सोडाच, तीन मीटरदेखील अंतर नसते, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात. म्हणजे मर्यादेत असलेली मोठी गाडीसुद्धा त्या खिडकीशी ८६ च्या वर जाऊ शकते, आणि फेरफार केलेली गाडी तिच्याही पलीकडे. रहिवासी भागाकरिता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलेली पातळी दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल आहे. ही पातळी परिसराची सरासरी असते, एकेका वाहनाची नव्हे, हे खरे. तथापि झोपलेल्या माणसाला सरासरी जागे करत नाही, एक गाडी जागे करते.

येथील रहिवाशांच्या तोंडी आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो खास याच भागाचा आहे : लोहगावच्या तळावरून लढाऊ विमाने उडतात त्यांचा आवाज आपण निमूट सोसतो, मग एका मोटारसायकलीवरच एवढा राग का? सुखोई विमाने १९९७ साली लोहगावास दाखल झाली, आणि त्यांचा घनगंभीर नाद या भागाच्या अंगवळणी पडला आहे, हे मान्य. परंतु एका आवाजाने दुसऱ्या आवाजास परवाना मिळत नाही. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशींवर दिवसभराच्या साऱ्या आवाजांचा भार एकत्र जमा होतो, आणि त्या एकदा मेल्या की मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आठ तास, ८८ असल्यास चार तास, ९१ असल्यास दोनच, असा सुरक्षिततेचा ठोकताळा आरोग्यशास्त्राने घालून दिला आहे. आणि या हिशेबात सर्वांत आधी येतो तो गाडीवर बसलेला स्वार, ज्याचे कान सायलेन्सरच्या सर्वांत जवळ असतात.

मोठ्या आवाजाने अपघात टळतात, हा दावा मी गांभीर्याने घेतो, कारण तो करणाऱ्याला जिवाची काळजी असते. परंतु सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका पुढून येतो. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर चौकशी करून प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी १९८१ साली जो अहवाल सिद्ध केला, त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक अपघातांत धोका स्वाराच्या समोरच्या दिशेच्या दोन्ही बाजूंस ४५ अंशांच्या आत होता असे आढळले. चालू ठेवलेला पुढचा दिवा, ठळक रंगाचा पोशाख आणि बांधलेले शिरस्त्राण यांची भरपाई नळकांड्याने होत नाही.

राहिला कायदा. बाजारात उघडपणे विकले जाते, पावतीही मिळते, तेव्हा ते कायदेशीर असणारच, हा समज सर्वांत महाग पडतो. विक्रीस मुभा असणे आणि रस्त्यावर वापरण्यास मुभा असणे या भिन्न बाबी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने निषिद्ध केला असून, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तसाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाच्या वा धुराच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तजवीज आहे. पोलिसांपाशी डेसिबल मोजण्याचे यंत्र नसेल तर कारवाई होऊ शकत नाही, हेही म्हणूनच खरे नव्हे. रचनेतील बेकायदेशीर बदल हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्यात आले आहेत.

येथे पुणेकरांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. वाहनांची मानके तपासून मान्यता देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था याच शहरात, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. नवे वाहन विक्रीस येण्यापूर्वी त्याचा धूर आणि आवाज अशा मान्यताप्राप्त संस्थांत मोजून मगच त्याचा सायलेन्सर मंजूर होतो. तो बदलल्यावर त्या मंजुरीचा आधार उरत नाही. ज्यास निराळा सायलेन्सर हवाच असेल त्याने उत्पादकाकडूनच त्या विशिष्ट मॉडेलकरिता मान्यता घेतलेला भाग मिळतो काय याची लेखी खातरजमा करावी. आणि मूळ गाडीचाच आवाज फुटका येत असेल तर नवे काही घेण्याआधी बेंड पाइप जेथे इंजिनास मिळतो तेथील गास्केट, सैल झालेले नट, गंजाने पडलेली भोके आणि झडपांचे अंतर एवढे तपासून घ्यावे. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

मूळ सायलेन्सर बहुतेकांनी टाकून दिलेला नसतो, तो घरी माळ्यावर पडून असतो. तो उतरवून, आतून गंजला नाही ना हे पाहून, नव्या गास्केटसह पुन्हा बसवून घ्या, अशी माझी विश्रांतवाडीच्या व आसपासच्या प्रत्येक गाडीप्रेमी तरुणास कळकळीची विनंती आहे. गॅरेजमध्ये त्याला फार वेळ लागत नाही.