शरदातील कार्प-मासेमारी : वर्धा जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यात भाद्रपद सरत आला की पावसाने गढूळ झालेले पाणी निवळू लागते, आणि आश्विन-कार्तिकात गोड्या पाण्यातील मासेमारीला वेग येतो. या मासेमारीत कार्प जातीच्या माशांना अग्रस्थान आहे. शरद ऋतूत हे मासे विपुल व पुष्ट मिळतात, हे ढिवर, भोई, केवट इत्यादी मत्स्यव्यवसायी समाजांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु धरणे व मत्स्यबीज यांमुळे या हंगामाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी शरदातील मासेमारी म्हणजे पुराने आणून दिलेल्या धनाची वेचणी होती. आज ती पेरणी आणि कापणी एकाच वेळी करावी लागणारी शेती झाली आहे. या पालटाची कारणे व त्यातून उद्भवणारा पेच यांचे विवेचन येथे केले आहे.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची दाट परंपरा आढळते. वर्धा जिल्हा मुख्यत्वे कापसाच्या काळ्या जमिनीचा. येथील मासेमारीचा मूळ आधार म्हणजे जिल्ह्याची सीमा आखणारी वर्धा नदी आणि वणा, बोर, धाम, यशोदा या तिच्या खोऱ्यातील लहान नद्या होत. पाटबंधाऱ्यांच्या कामांमुळे या नद्यांवर विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. सेलू तालुक्यातील बोर धरण १९६५ साली पूर्ण झाले. पुढे आर्वी तालुक्यात धाम व निम्न वर्धा हे प्रकल्प झाले. परिणामी मासेमारीचे केंद्र वाहत्या पाण्याकडून साठलेल्या पाण्याकडे सरकले.

कार्प माशांच्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे. कटला, रोहू व मृगळ हे तीन प्रमुख भारतीय कार्प मासे जून ते ऑगस्ट या काळात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वाढ उत्तम होते, अंडकोशही पक्व होतात, तथापि प्रवाहाची प्रेरणा नसल्याने प्रत्यक्ष प्रजनन बहुधा होत नाही. जलाशयाच्या वरच्या अंगास, जेथे पुराचे पाणी येऊन मिळते, तेथे अनुकूल वर्षी काही प्रजनन संभवते. पण त्यावर व्यवसायाची भिस्त ठेवता येत नाही. सायप्रिनस हा परदेशी कार्प मात्र स्थिर पाण्यातही पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालून वाढू शकतो. सारांश, प्रमुख कार्पांच्या बाबतीत जलाशयात जे सोडले जाते तेच कालांतराने जाळ्यात येते.

ही गोष्ट शक्य झाली ती प्रेरित प्रजननाच्या शोधामुळे. त्यापूर्वी देशातील मत्स्यसंवर्धन बव्हंशी नद्यांतून गोळा केलेल्या बीजावर अवलंबून होते. बंगालच्या नद्यांतील बीज रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत जाई, आणि त्यात इतर जातींच्या पिल्लांची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पोषग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्पांचे यशस्वी प्रजनन घडवून आणले. त्यानंतर बीजाची जात निश्चित झाली. पावसाळ्यात केंद्रावर तयार झालेले मत्स्यजिरे लहान तळ्यांत वाढवून त्याची बोटुकली होईपर्यंत श्रावण-भाद्रपद उजाडतो. म्हणजे जलाशयात बोटुकली सोडण्याचा काळ शरदाच्या उंबरठ्याशी येऊन भिडतो.

नेमक्या याच सुमारास मोठे मासे धरण्यास परिस्थिती अनुकूल होते, त्यालाही शास्त्रीय कारणे आहेत. पावसाळ्यात मातीचे कण पाण्यात तरंगत असल्याने प्रकाश खोलवर पोहोचत नाही. पाणी निवळताच सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणीही वाढतात. प्राणिप्लवकांवर पोसणारा कटला पृष्ठभागाजवळ, वनस्पतिजन्य अन्न खाणारा रोहू मधल्या थरात आणि कुजके सेंद्रिय द्रव्य टिपणारा मृगळ तळाशी, असे तिघेही आपापल्या स्तरात भरपूर चरतात. प्रजननकाळात झिजलेल्या प्रौढ माशांचे मांस या चराईने पुन्हा भरते. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याची भूक पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. आश्विनात पाणी पुरेसे ऊबदार असते. मार्गशीर्ष-पौषात ते गार झाले की कार्पांचे खाणे, फिरणे व वाढणे तिन्ही मंदावते. फिरता मासाच जाळ्यात येतो आणि भुकेलाच गळाला लागतो, हे ध्यानी घेता शरदाचे महत्त्व स्पष्ट होते.

बाजाराची गतीही याला पोषक आहे. श्रावणापासून नवरात्रापर्यंत मंदावलेली मागणी दसऱ्यानंतर वाढते, आणि सोयाबीन व कापूस यांच्या विक्रीमुळे खेड्यांत रोकड खेळू लागते. सहकारी संस्थेलाही याच वेळी पैशाची निकड असते. कारण जलाशयाच्या ठेक्याची रक्कम व बोटुकलीची किंमत यांचा बोजा नुकताच पडलेला असतो. साहजिकच जे हाती लागेल ते विकावे, असा मोह होतो.

येथे जाळ्याच्या आसाचा प्रश्न निर्णायक ठरतो. उभ्या लावलेल्या जाळ्यात मासा कल्ल्यांमागे अडकतो. ताणून १० सेंटिमीटर भरणाऱ्या आसाचा परीघ २० सेंटिमीटर होतो. ज्याच्या धडाचा घेर याहून थोडा अधिक, तो मासा अडकतो, बारीक मासा पार निघून जातो आणि फार मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. कटल्याचे डोके मोठे व धड खोल, तर मृगळ सडपातळ. त्यामुळे समान वजनाचे दोन्ही मासे एकाच आसात सापडत नाहीत. मृगळासाठी योग्य असलेले जाळे कोवळ्या कटल्याचा घात करते, आणि कटल्यासाठी योग्य असलेल्या जाळ्यातून विक्रीयोग्य मृगळ निसटतो. बारीक आसाचे ओढजाळे तर नुकतीच सोडलेली बोटुकलीही काठाशी आणते.

या घाईचे मोल एका काल्पनिक हिशेबाने कळेल. सोडलेल्या बोटुकलीपैकी २,००० मासे जगले व पहिल्या शरदात प्रत्येकी ३०० ग्रॅमचे झाले, असे समजू. ते सर्व धरले तर ६०० किलो मासळी मिळेल. ते राखले आणि वर्षभरात चतुर्थांश नष्ट होऊन उरलेले १,५०० मासे एकेक किलोचे झाले, तर उत्पन्न १,५०० किलो होईल; शिवाय मोठ्या माशाला किलोमागे दरही अधिक येतो. लहान मासा धरणे म्हणजे, शेतीच्या भाषेत, हिरवे पीक कापणे होय.

तथापि थांबणेही निर्धोक नसते. रब्बीसाठी कालव्याने पाणी सुटले की जलाशय आटू लागतो; उन्हाळ्यात उथळ झालेल्या पाण्यात मासे दाटीने राहतात, प्राणवायू घटतो आणि चोरीही सोपी होते. पुढील पावसाळ्यात सांडव्यावरून काही मासे वाहून जातात. तेव्हा राखून ठेवलेली मासळी आपल्याच पदरी पडेल, अशी खात्री संस्थेला वाटत नसेल, तर तिने आजच जाळे टाकणे हे अज्ञानाचे लक्षण म्हणता येणार नाही. ठेक्याची मुदत जितकी अल्प व अनिश्चित, तितके थांबणे अव्यवहार्य. आसाच्या आकाराचा प्रश्न म्हणूनच अंशतः हक्काचा प्रश्न आहे.

यावरून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. शरदात मोठ्या आसाची जाळी वापरून मागील वर्षांचे मासे धरावेत. बोटुकली जेथे सोडली त्या उथळ काठाशी बारीक जाळे काही काळ वर्ज्य करावे. मध्यम मृगळ व सायप्रिनस यांची धर पाणी ओसरण्याच्या काळावर सोपवावी. सायप्रिनस जलाशयात स्वतःच वाढत असल्याने त्याची धर करताना मूळ भांडवलाची चिंता तुलनेने कमी असते. प्रत्येक जलाशयात जातवार व वजनवार मासळीची नोंद ठेवली गेली, तर आसाचा योग्य आकार त्या त्या पाण्यापुरता ठरविता येईल. हे काम प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास करण्याजोगे आहे. मात्र ठेक्याचे कागद आणि संस्थेचे जमाखर्च वाचल्याखेरीज त्या नोंदींचा अर्थ त्यास पुरता उमगणार नाही.