पोरांचा सिनेमा, थोरांचे अश्रू

मुलांना सिनेमा दाखवायला म्हणून गेलेली मोठी माणसे डोळे पुसत बाहेर येतात, ही गोष्ट आता नाशकातही नवलाईची राहिलेली नाही. ‘अप’, ‘इनसाइड आउट’, ‘कोको’ अशी नावे निघाली की एरवी कचेरीत एखाद्याची बदली अगर बडतर्फी निर्विकार चेहऱ्याने मंजूर करणारे गृहस्थ किंचित ओशाळून हसतात आणि विषय बदलतात. चितारलेल्या, म्हणजे मुळात अस्तित्वातच नसलेल्या पात्रासाठी प्रौढ माणसाने रडावे यात खरोखर काही विपरीत आहे काय, आणि नसेल तर हे ओशाळणे आले कोठून, याचा शोध घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते. सुदैवाने नाशिककराला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण या कथेचा पहिला अध्याय याच परिसरात घडला.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि त्याच वर्षी आपले सारे बिऱ्हाड व कारखाना नाशकास आणला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी भांडवल उभारण्याकरिता त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस, एकेक चित्र घेत टिपली होती, आणि पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक लहानसा चित्रपट केला होता, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. काडी तसूभर सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा घ्यायचे, या कमालीच्या चिकाटीच्या उद्योगातून निर्जीव काड्या पडद्यावर चालू लागल्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. तथापि हिंदुस्थानातील सचेतपटाचा प्रारंभ सांगताना जाणकार त्याचाच दाखला देतात.

याहून मोलाचा पुरावा मात्र सुदैवाने शिल्लक आहे. ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’च्या नाशकातील दिवसांत, १९१९ साली, फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला आणि बालकृष्णाची भूमिका आपली कन्या मंदाकिनी हिला दिली. ही मुलगी तेव्हा अवघी सातेक वर्षांची होती. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला कृष्ण म्हणून आणतच नाहीत. प्रथम ती साध्या वेशात प्रेक्षकांसमोर येते, हसते, रागावते, निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यातून हळूहळू मुकुटधारी कृष्ण उमटतो. म्हणजे सोंग कोणाचे आहे, ते कसे घेतले आहे, याचा सगळा जाबजबाब आधीच देऊन टाकलेला. इतके उघडे केल्यावर भावभक्तीला जागा उरू नये, असे तर्क सांगतो; पण घडले ते उलट. त्याच्या दोन वर्षे आधीच्या ‘लंकादहना’त पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असे सांगतात, आणि त्या चित्रपटात राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या! कृत्रिमतेची जाणीव भावनेच्या आड येत नाही, हा सिद्धान्त इतक्या लवकर आणि इतक्या निःसंदिग्धपणे सिद्ध झाला असता, रेषांनी काढलेल्या माणसासाठी रडणाऱ्याने लाजण्याचे कारण उरत नाही.

त्या काळी तसे कोणी लाजतही नसे. देवळाच्या सभामंडपात हरिश्चंद्राचे किंवा श्रावणबाळाचे आख्यान रंगात आले की पागोटेवाले, उपरणेवाले गृहस्थ सर्वांदेखत डोळे टिपत, आणि बुवांच्या कीर्तनाची ती पावतीच समजली जाई. दुसऱ्याच्या दुःखाने आपले अंतःकरण हलावे आणि तरीही त्यातून एक प्रकारचे समाधान लाभावे, याची मीमांसा आपल्या रसशास्त्राने शतकानुशतके केली असून, ज्याचे मन असे हलते त्याला ‘सहृदय’ ही सन्मानाची पदवी दिली आहे. पुढे कचेरीच्या शिस्तीबरोबर संयम ही प्रतिष्ठेची खूण बनली, सार्वजनिक अश्रूंवर जणू जप्ती आली, आणि पुरुषाला रडायचे तर ते स्मशानात, तेही बेताने, अशी अलिखित नियमावली रूढ झाली. सहृदयता उरली, तिला मुभा उरली नाही.

ही मुभा पुन्हा मिळाली ती बहुधा ‘मुलांसाठी’ या शिक्क्याच्या कृतींतूनच, आणि याचाही ठळक दाखला नाशकाचाच आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. पुस्तक मुलांच्या हाती द्यावे म्हणून विकत घेतले जाई, आणि मुले झोपल्यावर घरातली वडीलधारी मंडळी ते वाचीत बसत. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ मध्ये चित्रपट केला. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या अंधाऱ्या सभागृहात मुलांना घेऊन आलेल्या बापांची काय अवस्था होत असे, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ‘पोरांना दाखवायला आणले आहे’ ही सबब त्यांना तेव्हापासून उपयोगी पडत आली आहे.

चितारलेल्या चित्रपटांची वाटचाल मात्र आपल्याकडे बराच काळ मंदगतीने चालली. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा छोटा व्यंगपट काढला. १९५६ मध्ये डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवण्यासाठी आले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांकडून जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ हा चित्रपट उतरला. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य खेळाआधी दाखवणे तेव्हा सक्तीचे असल्यामुळे, खुर्ची शोधता शोधता आणि शेंगदाण्याची पुडी सोडता सोडता असे काही अधूनमधून पाहायला मिळे. १९७४ मधला, विजया मुळे यांच्या कल्पनेतून साकारलेला आणि भीमसेन यांनी चितारलेला ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनने घरोघर पोचवला. पारध्याचे जाळे घेऊन उडणाऱ्या पाखरांची ती गोष्ट नि त्याचे वसंत देसाईंचे संगीत ऐकताना आज साठीकडे झुकलेली माणसे एकाएकी गप्प होतात. आणि त्यांच्यानंतरच्या पिढीला रविवार सकाळच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान आठवतो, ज्याला हिंदीत नाना पाटेकरांनी आवाज दिला होता. या स्मृतिकातरतेला मात्र खऱ्या अर्थाने करुणरस म्हणता येणार नाही. तिथे माणूस पात्रासाठी हळवा होत नाही, आपल्या हरवलेल्या दिवसांसाठी होतो.

या दोहोंचा संगम झाला तो युगो साको या जपानी गृहस्थाच्या ‘रामायण’ चित्रपटात. भारतातल्या उत्खननांमुळे रामकथेकडे ओढल्या गेलेल्या साकोंनी राम मोहन या आपल्याकडच्या अग्रगण्य सचेतपटकारास बरोबर घेतले. संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि संस्कृत गीते वसंत देव यांची. सुमारे एक लाख हातचित्रे, असा त्याच्या श्रमाचा हिशेब सांगितला जातो. १९९३ मध्ये तो आपल्याकडे चित्रपट महोत्सवात दाखवला गेला; पण सर्वसाधारण प्रेक्षकाला तो पुढे दूरचित्रवाणीवरच भेटला, आणि चित्रपटगृहांत रीतसर झळकायला २४ जानेवारी २०२५ उजाडावे लागले. ज्यांनी तो बालपणी छोट्या पडद्यावर पाहिला, ते आता स्वतःची मुले घेऊन गेले. नाशिककराच्या दृष्टीने यात एक निराळी खुमारी होती: सीतागुंफेबाहेर रांगेत उभे राहून ज्याने पंचवटी पाहिली, टाकेदला जटायू पडला असे ज्याने आजीकडून ऐकले, त्याला तीच पंचवटी आणि तोच जटायू टोकियोच्या चित्रकारांच्या कुंचल्यातून परत भेटले. पंख छाटलेला तो वृद्ध पक्षी रामाची वाट पाहत प्राण धरून ठेवतो, या ठिकाणी मुले पुढच्या युद्धाची वाट पाहत असतात, आणि ज्याने आपल्या वडिलांना मुलाच्या गाडीची वाट पाहताना पाहिले आहे, तो मात्र पुढे पाहू शकत नाही.

परंतु या सगळ्यात नाशिककराच्या वर्मी लागावा असा चित्रपट आला तो मेक्सिकोतली गोष्ट घेऊन. २०१७ च्या ‘कोको’मध्ये मृतांना वर्षातून एकदा घरी येता येते, मात्र घरच्यांनी त्यांची तसबीर मांडलेली असली तरच, आणि त्यांना ओळखणारे शेवटचे माणूस विसरले की ते मृतांच्या लोकातूनही नाहीसे होतात. आता रामकुंडावर वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा काय करतो? तीर्थोपाध्याय त्याला गाव नि आडनाव विचारतो, जुनी वही काढतो, आणि त्या पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबांच्या हातची सही, तिच्यावर पणजोबांचे नाव, तिच्या आसपास कधी न ऐकलेल्या चुलत्यांची नावे निघतात. मग त्याच पानावर त्याला स्वतः नोंद करावी लागते. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणारा, अशा वहीत एकदा सही केलेला हा माणूस त्रिमिती चष्मा लावून बसतो. पडद्यावर सुरकुतलेली, सगळे विसरलेली म्हातारी कोको बसलेली असते, पणतू तिच्या वडिलांचे गाणे तिच्यापाशी म्हणू लागतो, आणि तिची बोटे हळूहळू ताल धरतात. त्या क्षणी रांगेतले कित्येक चष्मे एकदम नाकावरून खाली उतरतात. शेजारचे पोर मात्र मक्याच्या लाह्या संपल्याची तक्रार करत असते.

त्या लाह्यांच्या तक्रारीतच या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. प्रौढ माणूस असे चित्रपट पाहून पुन्हा लहान होतो, ही समजूत लोकप्रिय असली तरी खरी नव्हे. लहान असता तर तो तिथे रडलाच नसता. ‘अप’च्या आरंभी एका जोडप्याचे अख्खे आयुष्य अवघ्या काही मिनिटांत, जवळजवळ शब्दावाचून उलगडते, ती रिकामी खुर्ची मुलाला नुसती खुर्ची दिसते आणि विधुराला ती काय दिसते हे सांगण्याची गरज नाही. नटाच्या चेहऱ्याला त्याचे स्वतःचे नाव, कीर्ती, मागच्या भूमिका चिकटलेल्या असतात. रेषेच्या चेहऱ्याला पूर्वायुष्य नसते, म्हणून त्यात प्रत्येक जण आपापले माणूस बसवू शकतो. मंदाकिनीच्या चेहऱ्यातून कृष्ण उमटवताना फाळक्यांनी जे हेरले होते, तेच हे. एकाच पडद्यावर बाप एक चित्रपट पाहतो आणि मुलगा दुसरा. दोघांनाही तो पुरतो, म्हणून तो कौटुंबिक.

तेव्हा मुलांची सबब आता पुरे झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्या गावाने फाळक्यांचे स्मारक उभारले, त्या गावातल्या माणसाने तरी चित्रांसाठी रडताना आडोसा शोधू नये. पुढच्या खेपेस मुले आजोळी गेलेली असली तरी खुशाल तिकीट काढावे, आणि तेही स्वतःच्या नावाने.