फिशटँकचा भोंगा : तो गप्प असेल तर काय समजायचे?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात सर्वांत जास्त गर्दी होती ती फिशटँकच्या टेबलाशी. नववीच्या मुलांनी पाण्याचे तापमान मोजणारा आणि हीटर आपोआप चालू-बंद करणारा छोटा कंट्रोलर तयार केला होता. प्रदर्शनानंतर काही घरांत तसे कंट्रोलर बसले आणि पालकांचे प्रश्न आमच्याकडे येऊ लागले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. रात्री काही बिघडले तर आम्हांला कळणार कसे? त्यातला बझर तर मिक्सर चालू असला की ऐकूसुद्धा येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख.

आधी धोका किती मोठा आहे ते पाहू. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३६ सें.मी. उंच टाकीत सुमारे ६५ लिटर पाणी मावते. थंडीत आपल्या इंदुरात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून अशा टाकीत १०० वॅटचा हीटर लावतात. आता समजा, त्याचा थर्मोस्टॅट चिकटला आणि हीटर चालूच राहिला. सातवी-आठवीच्या मुलांनी उष्णतेचे गणित करून पाहावे. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पाणी तासाला सुमारे १.३ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते, त्यामुळे वेग याहून कमी असतो. तरीही उबदार बंद खोलीत रात्रभरात २६ अंशांचे पाणी माशांना सोसणार नाही इतके तापू शकते.

उन्हाळ्यात संकट उलट बाजूने येते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना सुमारे ६.९. त्याच वेळी गरम पाण्यात माशांच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात, म्हणजे त्यांना प्राणवायू जास्त लागतो. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली, हवेचा पंप आणि फिल्टर थांबला, की दाटीच्या टाकीतले मासे काही तासांत पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही प्राणवायूवाचून मरू लागतात. हेच जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचा निचरा करीत असतात.

म्हणून भोंगा हवाच. पण भोंगा म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. घरात शांतता आहे याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असाच होईल, अशी त्याची जोडणी हवी. भोंग्याची तार तुटली किंवा कंट्रोलरच बंद पडला, तरीही घर शांतच राहते, आणि ही शांतता फसवी असते.

यावरचा उपाय रेल्वेने फार पूर्वी शोधला. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतून सतत वीज वाहती ठेवून सिग्नल चालविण्याची पद्धत शोधली. वीज वाहते आहे तोवर मार्ग मोकळा समजायचा. गाडी रुळावर आली की वीज सिग्नलच्या रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल धोका दाखवतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरीही सिग्नल धोकाच दाखवतो. थोडक्यात, यंत्रणेत बिघाड झाला तरी तो धोक्याच्याच बाजूने मोजला जातो.

हेच तत्त्व घरी कसे वापरायचे ते पाहा. बाजारात मिळणाऱ्या रिलेच्या पट्टीवर तीन टोके असतात : मधले कॉमन, एका बाजूला ‘एन.ओ.’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एन.सी.’. एन.ओ.चा जोड रिलेला वीज मिळाल्यावर जुळतो. एन.सी.चा जोड वीज नसताना जुळलेला असतो आणि वीज मिळाली की सुटतो. भोंगा नेहमी एन.सी.वर जोडावा. कंट्रोलरने ‘सर्व ठीक’ असेपर्यंत रिलेला वीज देत राहायचे. तापमान बिघडले की कंट्रोलर वीज तोडतो, जोड जुळतो आणि भोंगा वाजतो. कंट्रोलर जळाला, त्याचा ॲडॉप्टर गेला किंवा रिलेची तार कुणी ओढली, तरी भोंगा वाजतो. आर्डुइनोसारख्या कंट्रोलरच्या एका पिनमधून साधारण २० मिलिॲम्पियर इतकीच वीज घ्यावी, म्हणून रिले किंवा भोंगा थेट पिनला लावू नये. ट्रान्झिस्टर बसविलेली तयार रिलेपट्टीच घ्यावी.

भोंग्याला स्वतःची बॅटरी लागते. १२ व्होल्टची, यू.पी.एस.मध्ये असते तशी सीलबंद बॅटरी, तिचा चार्जर आणि बॅटरीजवळच एक लहान फ्यूज एवढे पुरे. कंट्रोलरला मात्र वेगळा पुरवठा द्यावा. वाय-फाय राउटरसाठी जे छोटे यू.पी.एस. मिळतात, त्यांतला योग्य व्होल्टेजचा एक येथे चालतो. त्यामुळे दोन मिनिटांसाठी लाइट गेली तर सारे घर जागे होत नाही. कंट्रोलर दहा मिनिटे वाट पाहतो, लाइट आली नाही तर मग भोंगा वाजवितो. आणि तो छोटा यू.पी.एस.च संपला, तर रिले आपोआप सुटून भोंगा वाजतोच.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांसाठी दोन सूचना. पहिली, पाण्यात सोडण्याचा डीएस१८बी२० हा सेन्सर तुटला, तर त्याची नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश असा आकडा देते. ‘३० पेक्षा जास्त असेल तर वाजव’ एवढेच लिहिले असेल, तर उणे १२७ हे कंट्रोलरला थंड पाणी वाटेल आणि तो हीटर चालू करून बसेल. असा अशक्य आकडा आला की हीटर बंद आणि भोंगा चालू, असे स्पष्ट लिहावे. दुसरी, प्रोग्राम मध्येच अडकला तर पिन जशीच्या तशी चालू राहू शकते आणि भोंगा गप्प बसतो. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये यासाठी ‘वॉचडॉग’ नावाचे घड्याळ असते. प्रोग्रामने ठरावीक वेळात, जास्तीत जास्त ८ सेकंदांत, त्याला हजेरी दिली नाही, तर ते चिपला पुन्हा सुरू करते. हे घड्याळ चालू ठेवणे विसरू नये.

आता आवाजाविषयी. अमेरिकेतील अग्निसुरक्षा नियमावलीत झोपलेल्या माणसाला उठविण्यासाठी उशीपाशी किमान ७५ डेसिबल आवाज सांगितला आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. १ मीटरवर १०५ डेसिबल देणारा भोंगा ८ मीटरवर ८७ राहतो आणि मधल्या बंद दारात आणखी पंधरा-वीस डेसिबल जातात. म्हणजे दिवाणखान्यात कानठळ्या बसविणारा भोंगा झोपायच्या खोलीत कमी पडू शकतो. म्हणून कंट्रोलर टाकीपाशी ठेवावा, पण तार लांबवून भोंगा मोठी माणसे झोपतात त्या खोलीच्या दारापाशी लावावा. लहान मुले मोठ्या आवाजातही झोपून राहतात, त्यांच्यावर विसंबू नये. फार चिरक्या आवाजापेक्षा थोडा खालच्या पट्टीतला आवाज झोपलेल्यांना लवकर उठवितो, असे प्रयोगांत दिसले आहे. वयस्कर मंडळींनाही तोच अधिक ऐकू येतो.

आवाज वेगळाही हवा. आपल्या शहरातील जुन्या मंडळींना गिरण्यांचे भोंगे आठवत असतील. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तोपर्यंत भोंगा झाला की डब्याची वेळ झाली, हे घरोघरी न सांगता कळत असे. तसाच फिशटँकचा आवाज दाराच्या घंटीशी किंवा कुकरच्या शिटीशी मिळताजुळता नसावा. मोबाइलवर संदेश येण्याची सोय जरूर ठेवा, पण केवळ तिच्या भरवशावर राहू नका. लाइट गेली की राउटर बंद होऊ शकतो, आणि रात्री फोन सायलेंट असतो.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण बालवाडीत सांगतो. भोंगा रोज उगाच वाजू लागला तर चार दिवसांत घरातले कोणीतरी त्याची तार काढून ठेवील. म्हणून मर्यादा विचारपूर्वक ठरवाव्यात. उष्ण प्रदेशातील बहुतेक माशांना २४ ते २८ अंश मानवतात, तेव्हा हिवाळ्यात २२ च्या खाली आणि ३० च्या वर भोंगा ठेवता येईल. उन्हाळ्यात आपल्या घरांतली हवाच त्याहून गरम असते. तेव्हा आधी पंखा आणि हवेचा पंप वाढवून पाणी आटोक्यात आणावे आणि वरची मर्यादा थोडीशीच वाढवावी. आकडा एकदा ओलांडला म्हणून लगेच वाजवू नये. दोन-तीन मिनिटे सतत ओलांडलेला राहिला तरच वाजवावा.

भोंगा गप्प करण्याचे बटण हवे, पण ते पंधरा मिनिटांपुरतेच. बिघाड कायम असेल तर भोंगा पुन्हा वाजला पाहिजे. हे आम्ही आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला, तेव्हा कारखान्याच्या बाहेरील वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. आतला भोंगा चालू ठेवून बाहेरचा वेगळा बंद करता येईल, अशी व्यवस्था तेथे आधीच केलेली होती. बाहेरचा भोंगा पुन्हा वाजला तोपर्यंत वायू झोपलेल्या घरांत शिरला होता. त्या दुःखाशी फिशटँकची तुलना होऊच शकत नाही. परंतु लोकांना त्रास नको म्हणून इशारा बंद ठेवण्याची सवय किती घातक ठरते, हे आपल्या प्रांतातील मुलांनी जाणून घ्यायलाच हवे.

सुरक्षेबाबत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मुलांनी फक्त १२ व्होल्टच्या बाजूला हात लावावा. हीटर, पंप आणि २३० व्होल्टचे सर्व काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा गळतीरोधक ब्रेकर असावा. तारा सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून आलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकते. चाचणी घेताना भोंग्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी आणि कान जवळ नेऊ नये.

भोंगा वाजल्यावर काय करायचे ते एका कागदावर लिहून टाकीशेजारी चिकटवावे. लाइट नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. तो नसेल तर मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओता. खाद्य देऊ नका. पाणी तापले असेल तर आधी हीटरचा प्लग काढा. बर्फ थेट टाकू नका, गार पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवा आणि तापमान सावकाश उतरू द्या. पाणी गळत असेल तर सर्व प्लग निघेपर्यंत पाण्यात हात घालू नका.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत आपली बरीच कुटुंबे पुण्या-नाशिककडे जातात. रिकाम्या घरात वाजणारा भोंगा कुणासाठी? जाण्यापूर्वी शेजारच्या काकूंना किल्ली द्या, तो कागद दाखवा आणि एकदा भोंगा वाजवून ऐकवा.

भोंग्याची बॅटरी संपली, तर मात्र ही सारी जोडणी गप्प बसते. तेवढी एक उणीव उरते, आणि ती माणसानेच भरून काढायची आहे. म्हणून दर रविवारी सकाळी घरातील मुलाने, मोठ्या माणसाला सांगून, कंट्रोलरकडून रिलेला जाणारी तार काढावी. भोंगा लगेच वाजला पाहिजे. तारीख वहीत लिहून पालकांची सही घ्यावी. ज्यांच्या घरी अशी जोडणी आहे, त्यांनी ती वही महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत दाखवावी, आम्ही ती स्वतः पाहू.