हेड गॅसकेट : बिघाड एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला (लेखांक 7)

मागील लेखांकात रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप यांचे कार्य पाहिल्यानंतर, ही व्यवस्था कोलमडली असता ज्याच्यावर पहिला घाला येतो त्या हेड गॅसकेटचा विचार क्रमप्राप्त ठरतो. सिलिंडर असलेला ब्लॉक आणि त्यावर बसणारे, व्हॉल्व्ह सामावणारे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पातळ थर ज्वलनाचे वायू, इंजिन ऑइल आणि कूलंट यांना एकमेकांत मिसळू देत नाही.

भिलाईत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. 1984 मध्ये बाजारात आलेली, पुढे ऑम्नी या नावाने ओळखली गेलेली आणि 2019 मध्ये उत्पादन थांबलेली मारुती व्हॅन जी. ई. रोडच्या गर्दीत रखडली की तिच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही, आणि इंजिन तर पुढच्या सीटखाली कोंडलेले असते. त्यात कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरण्याची सवय असेल, तर क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. इंजिन बेसुमार तापले की ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावू पाहते, बोल्टांनी जखडलेले असल्यामुळे वाकते, आणि जेथे पकड सैल होते तेथे गॅसकेट जळते. त्यामुळे मूळ कारण न शोधता केवळ गॅसकेट बदलणे ही काटकसर बहुधा पुढच्याच उन्हाळ्यात अंगाशी येते.

गळती न दिसता पाणी घटणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठणे आणि डिपस्टिकवरचे ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसणे ही गॅसकेट जळल्याची लक्षणे होत. ती सगळी एकदम दिसतीलच असे नाही.

दुरुस्तीसाठी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून, हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे टप्प्याटप्प्याने सैल केले जातात. खरी परीक्षा हेड उतरल्यावर होते. साफ केलेल्या पृष्ठभागावर अचूक सरळ पट्टी उभी आणि तिरपी धरून तिच्याखाली फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांची, पाती सरकवून पाहतात. लहान इंजिनांत 0.05 मिलिमीटरचे पाते सहज शिरले तरी हेड फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करून घेण्यास, पाठवावे लागते. ‘डोळ्यांना तर सपाटच दिसते’ हा गॅरेजमधील युक्तिवाद येथे कुचकामी आहे. बोल्टांच्या भोकांत ऑइल वा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना त्या कोंडलेल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो, शिवाय टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून ती भोके कोरडी केली जातात. नवे गॅसकेट बसवल्यावर बोल्ट उलट क्रमाने, मध्यापासून कडेकडे, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत टप्प्याटप्प्याने आवळले जातात.

त्यानंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून, कूलंट भरून त्यातील हवा काढली जाते आणि पंखा वेळेवर सुरू होतो की नाही हे पाहिले जाते. एवढे करूनही रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत राहिले, तर हेडलाच तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो. त्याची दाबचाचणी पुढील लेखांकात.