पायाचें बोट मोडलें असतां

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ठेच लागलेल्या पुढच्याचें नंतर काय झालें, याची चौकशी ती करीत नाहीं. ती चौकशी या लेखांत आम्ही करणार आहों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण कात्रज भागांत राहतात. घाटाची चढण, तलावाकांठचे ओले दगड, कात्रजहून सिंहगडापर्यंत डोंगरांवरून पायीं जाण्याची हौस, आणि घरोघरचे उंबरठे व पलंगांचे खूर, यांमुळें पायाचें बोट दुखावणें ही येथें नित्याची गोष्ट आहे. दुखावलेलें बोट बहुधा थोड्याच दिवसांत बरें होतें. कधीं कधीं मात्र आंतील हाड मोडलेलें असतें. आणि तें मुलानें लपविलें किंवा वडील माणसांनीं क्षुल्लक मानिलें, तर कायमची खोड मागें राहण्याचा संभव असतो.

मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें असतात. त्यांपैकीं १४ बोटांत आहेत. अंगठ्यांत दोन व इतर चार बोटांत सामान्यतः प्रत्येकीं तीन. पाऊल जमिनीवरून उचलतांना शेवटचा रेटा मुख्यत्वें अंगठा देतो, आणि इतर बोटें तोल सांभाळतात. शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच आवश्यक आहेत, हा विचार पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत मांडला आहे. करंगळी मोडलेल्या मनुष्यास त्याचा अर्थ पहिल्या पावलालाच कळतो!

बोट हलवितां येतें, अर्थात् हाड मोडलेलें नाहीं, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाहीं. मोडलेलें बोटही पुष्कळदां हलतें. म्हणून जोराचा मार लागल्यास प्रथम चालणें थांबवावें आणि बूट काढावा. बोटांत जोडवें असल्यास सूज चढण्यापूर्वीं तें उतरावें. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें लावावा. तो उघड्या कातडीवर ठेवूं नये. मग पाय उशीवर उंच ठेवून पडून राहावें. तेल चोळणें, बोट ओढणें किंवा कडकड मोडून पाहणें हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे.

पुढील लक्षणें दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें: बोट वांकडें झालें असेल, अंगठ्यास मार असेल, बोट थंड, फिकट, निळसर अथवा बधिर झालें असेल, किंवा जखम उघडी असेल. नखाच्या मुळाशीं रक्त आलें असल्यास विशेष सावध राहावें, कारण खालील हाड मोडलें असेल तर त्या वाटेनें जंतु हाडापर्यंत पोंचूं शकतात. घरांतील कोणास मधुमेह असेल, तर त्यांच्या पायाची संवेदना मंद झालेली असूं शकते. दुखत नाहीं म्हणून त्यांनीं स्वस्थ बसूं नये. मुलांची गोष्ट तर निराळीच आहे. वाढत्या वयांत हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा पातळ थर असतो, आणि हाडाची लांबी तेथूनच वाढते. या थरास इजा होऊन ती दुर्लक्षित राहिली, तर बोटाची वाढ खुंटण्याची किंवा तें वांकडें वाढण्याची भीति असते.

हाड मोडलें आहे कीं नाहीं, हें डॉक्टर क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहतात. जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांनीं हे किरण १८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत शोधून काढले. पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस १९०१ सालीं मिळालें. परंतु या शोधाचा मक्ता मात्र त्यांनीं घेतला नाहीं.

हाड आपल्या जागीं असेल, तर लहान बोटांस बहुधा प्लास्टर लागत नाहीं. दोन बोटांमध्यें थोडा कापूस अथवा मऊ कापड ठेवून दुखरें बोट शेजारच्या धडधाकट बोटास चिकटपट्टीनें बांधतात. शेजारीच येथें काठीचें काम करतो! ही पट्टी कशी असावी, याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळीं झालेला आहे. मोडलेलें बोट सरळ बसवून बारीक पट्टीनें बांधावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. बंध सैल राहिल्यास स्थिरता येत नाहीं व अति घट्ट झाल्यास सूज आणि वेदना होतात, असाही इशारा तेथें दिला आहे. म्हणून पट्टी बांधल्यावर नख दाबून पाहावें. पांढरें झालेलें नख दोनएक सेकंदांत पुन्हां गुलाबी झालें पाहिजे. भिजलेली पट्टी बदलावी, आणि कांहीं दिवस टणक तळव्याचा, पुढें रुंद असा बूट वापरावा.

आतां मुख्य गोष्ट. हाड डॉक्टर जोडीत नाहींत. तें स्वतःच जुळतें. हाड मोडतांच तेथें रक्त सांखळतें. पुढील दोन-तीन आठवड्यांत त्या जागीं कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. नंतर त्यांत चुना भरत जाऊन सुमारें सहा आठवड्यांत तो कठीण होतो, आणि त्यावर घडणीचा शेवटचा हात पुढें कित्येक महिने फिरत असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांतच सूज उतरते व वेदना शमते, आणि येथेंच मुलें फसतात. वेदना गेली म्हणजे हाड जुळलें, असें नव्हे. त्या वेळीं सांधा मऊच असतो. क्रीडासंमेलन जवळ आलें कीं याच सुमारास बुटांत पाय दडवून धांवण्याचा मोह होतो, आणि जुळत आलेलें हाड पुन्हां सरकतें.

यास्तव पायऱ्या ओलांडूं नयेत. मोडल्या जागीं दाबून दुखेनासें झालें आणि चवड्यांवर उभें राहतां आलें, म्हणजे डॉक्टरांच्या अनुमतीनें प्रथम भरभर चालावें, नंतर धांवावें, आणि उड्या सर्वांत शेवटीं. हाड चटकन जोडणारें असें कोणतेंही एक अन्न नाहीं. तथापि दूध, नाचणीची भाकरी, डाळी, अंडीं, मासे आणि सकाळचें ऊन यांचें साहाय्य होतें. तंबाखू व धूम्रपान यांनीं हाड जुळण्यास विलंब लागतो, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, लागलेला मार त्याच दिवशीं घरीं सांगावा. एक सामना हुकला तरी पुढें अनेक खेळतां येतील. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलगा किंवा मुलगी लंगडत घरीं आल्यास ‘पाहून चालतां येत नाहीं काय?’ असें न म्हणतां प्रथम बूट काढून पाय पाहावा. रागें भरलेलें मूल दुसऱ्या खेपेस सांगत नाहीं.